खुंटीला हात

फणसाच्या लाकडाला कान लावला की पहिल्यांदा वास येतो आणि मग आवाज. मांडवीच्या आमच्या घरात आईचं जे कपाट होतं, त्याच्या दाराला वाळवलेल्या आमसुलांचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि वर्षानुवर्षं घडी न मोडलेल्या लुगड्यांचा असा एक आंबूस, किंचित औषधी दर्प असे. माघातल्या दुपारी खिडकीतून येणारा मोहराचा गंध त्यात मिसळला की त्या सगळ्याला मिळून काही नाव देता येत नसे. त्या दाराला डावा कान चिकटवून, मांडीवरच्या बेस गिटारचं डोकं त्याच दाराला टेकवून मी जाड तार छेडायची, आणि कपाटाच्या पोटातून, लुगड्यांच्या नि बरण्यांच्या मधून, एक खोल, काळसर, सावकाश पसरणारा नाद माझ्या जबड्यात उतरायचा. खोलीत दुसरं कुणी उभं असतं तर त्याला तार हलल्याची नुसती खरखर ऐकू आली असती. ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत बेस गिटार ऐकण्याचा हा एकमेव मार्ग होता आणि तो मला एकटीलाच ठाऊक होता, याचा मला फार अभिमान वाटे.

अभिमान हा सभ्य शब्द झाला. खरं म्हणजे मला सगळ्यांचाच तिटकारा होता. रत्नागिरी हे सुसंस्कृत गाव आहे असं रत्नागिरीतली माणसं एकमेकांना सांगत असतात, आणि दुसरं कुणी ऐकायला नसल्यामुळे ते कुणी खोडूनही काढत नाही. व्याख्यानांना पुढच्या रांगेत बसून जांभया देणारे, नाटक संपायच्या आत नटाची चूक शोधून काढणारे, ओटीवर सुपारी कातरता कातरता जगातल्या कुठल्याही विषयाचा निकाल लावून मोकळे होणारे हे सारे रसिक. त्यांच्यापैकी जो जो आमच्या घरी आला, त्यानं माझ्या वाद्याकडे पाहून तारा मोजल्या आणि वरच्या दोन तुटल्या वाटतं, असं सहानुभूतीनं विचारलं. मी सुरुवातीला समजावून सांगत असे. पुढं पुढं मी नुसतं हो म्हणू लागले, कारण माणूस अज्ञानात जितका सुखी दिसतो तितका इतर कशातही दिसत नाही आणि त्याचं ते सुख मला बघवत नसे.

ती बेस गिटार माझ्या वडिलांनी आणलेली. बाबा बोटीवर इंजिनात होते. वर्षातले बहुतेक महिने ते समुद्राखालच्या उष्म्यात तेलाचे हात पुसत काढत आणि सुटीवर आले की ओटीवर बसून समुद्राकडे पाठ करत. कुठल्याशा बंदरात त्यांनी माझ्यासाठी गिटार घ्यायचं ठरवलं, दुकानात दोन प्रकार टांगलेले पाहिले, आणि आपली पोर नवखी, तिला सहा तारांपेक्षा चार तारांची सोपी पडेल, असा विचार करून ही उचलली. हिच्या कडेला एक भोक असतं, त्यात वायर खुपसावी लागते आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला अँप्लिफायर लागतो, त्याशिवाय ही मुकी असते, हे त्यांना दुकानदारानं सांगितलं नाही, किंवा सांगितलं ते त्यांना कळलं नाही. त्या भोकाला ते बरेच दिवस किल्लीचं भोक समजत होते आणि किल्ली हरवली म्हणून मनातून कष्टी होते.

बाबांचा मात्र मला कधी राग आला नाही. त्यांच्या बोटीवरच्या एका गोव्याच्या सोबत्यानं त्यांना सांगितलं की मुंबईत पाश्चात्त्य संगीताची एक शाळा आहे, ती मुलीही घेते, फक्त आत जायच्या आधी परीक्षकांसमोर वाजवून दाखवावं लागतं. त्यानंच वाजवण्याजोग्या एका रचनेची कॅसेट दिली. मी तेव्हा बारावी झालेली, आणि आईच्या मनात माझं सगळं जमून गेलेलं: डी.एड., मग जिल्हा परिषदेची शाळा, मग किंवा त्याच्या आधीच एखादं स्थळ. बाबांनी सुटी संपवून निघताना निवाडा दिला की मे महिन्यात परीक्षेला मी तिला घेऊन जाईन. शाळेनं घेतलं तर पुढचं मी बघतो, नाही घेतलं तर तू म्हणशील तसं. आई एवढ्यावर कबूल झाली, कारण नाही घेणार याची तिला खात्री होती. तिची आणखी एकच अट होती, की शिकायचंच असेल तर कुणातरी जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावं, कपाटाला डोकं लावून बसू नये.

जाणता माणूस म्हणजे दत्ताबुवा. आमच्या आळीत भजनी मंडळाची पेटी त्यांच्या ताब्यात होती, म्हणून संगीतही त्यांच्याच ताब्यात होतं. तपकिरीनं पिवळी झालेली बोटं, बशीत ओतून फुर्रकन ओढलेला चहा, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मिटलेले डोळे. पहिल्या गुरुवारी ते आले, माझ्या हातातून बेस गिटार घेतली, उभी धरली, आडवी धरली, तारांवरून अंगठा फिरवला आणि प्रसन्न हसले.

"चार तारा. तंबोराच की गो हा," ते म्हणाले. "बाहेरदेशात तो नुसता आडवा धरतात."

मग त्यांनी पेटीवर काळी एक दाबून ठेवली आणि लोखंडी खुंट्या एकेक करून पिळायला घेतल्या. सगळ्यांत जाड तार त्यांनी खर्जात लावली, तिच्या खालची पंचमात, आणि उरलेल्या दोन्ही बारीक तारा एकाच षड्जात, जुळ्या बहिणींसारख्या. हजारो मैलांवर कुणी हे वाद्य कशासाठी घडवलं, त्याच्या चार तारांना चार वेगळे सूर का दिले, हा प्रश्न त्यांना पडला नाही. चार तारा दिसल्या की त्यांचा तंबोरा करायचा, हे त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारताच ठरवलं होतं. वायर खुपसायच्या भोकावर त्यांनी जाता जाता अष्टगंधाचा ठिपका ठेवला. मी पुढं झाले आणि एक खुंटी जरा फिरवून पाहू लागले, तेव्हा मात्र त्यांनी माझं मनगट धरलं.

"खुंटीला हात लावायचा नाही, बाय. सूर गुरूनं द्यायचा असतो."

ही काही त्यांची लहर नव्हती. आमच्याकडे जो शिकवतो तो लावतो. शिष्यानं वर्षानुवर्षं लावलेल्या सुरात बसावं, गळा झिजवावा, आणि एखाद्या दिवशी गुरूच्या मनात आलं तर तंबोरा त्याच्याकडे सरकवला जातो. मी याला हसत असे, आणि पाळतही असे. माझ्या तिटकाऱ्याची ही मौज होती की तो सगळ्या गावाला पुरून उरे, पण त्या एका आज्ञेपुढं चूप बसे. दर गुरुवारी बुवा यायचे, उतरलेले सूर चढवायचे, खुंट्यांवर तपकिरीचा लेप ठेवून जायचे, आणि मी पुढच्या गुरुवारपर्यंत त्या सुरांना देवघरातल्या समईसारखं जपत असे.

कोकणावर लिहिणाऱ्यांना अशा ठिकाणी म्हाताऱ्याचा ऋषी करायची खोड असते. शेवटाकडे कळतं की तो अडाणी दिसणारा बुवाच खरा नादब्रह्माचा उपासक होता, आणि मग लेखकाचे डोळे पाणावतात. मी असलं काही करणार नाही. दत्ताबुवा चुकले होते. त्यांना त्या वाद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.

मी मात्र त्यांच्या त्या चुकीच्या तारांवर कॅसेटमधली रचना उतरवू लागले. टेपरेकॉर्डर उशाशी, एक कान त्याच्याकडे, दुसरा कपाटाला. कॅसेटवरच्या वादकाची बोटं जिथं जवळच्या तारेवर सहज उतरत असतील, तिथं माझ्या दोन तारा एकसारख्याच असल्यामुळे मला हात वाद्याच्या गळ्यावरून खाली, त्याच्या पोटाकडे, लांबच लांब फेकावा लागे. एखाद्या बाईनं शेजारच्या घरात जायला आळीला वळसा घालावा तसं चाले. पण मी ते जमवलं. बोटांची टोकं आधी सोलली, मग त्यांना घट्टे पडले. मनगट सुजून उतरलं. बुवा माझ्या त्या लांब उड्यांना मींड म्हणत आणि मान डोलावत. दरम्यान मोहर झडला, कैऱ्या धरल्या, आणि चैत्राच्या उन्हात गावभर पेंढ्याचा, देवदारी पेट्यांचा आणि पिकत घातलेल्या हापूसचा घमघमाट सुटला. त्या दिवसांत हे गाव माणसांकडे बघणं सोडून देतं. कुणी मेलं तरी लोक आंबा कसा आलाय ते विचारून मग सांत्वन करतात. मला ते बरंच होतं. कपाटाशी बसलेल्या मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्याआधी एकदाच माझं जाहीर वादन झालं होतं, माघी गणपतीला. बुवांच्या आग्रहावरून मंडळाच्या लाउडस्पीकरची एक वायर माझ्या वाद्याच्या भोकात खुपसली. वर माडावर बांधलेला तो कर्णा. त्याला खालचे सूर झेपतच नाहीत. मी सबंध रचना वाजवली आणि त्या कर्ण्यातून बाहेर आली ती फक्त बोटांची टकटक, कुणी दार वाजवत असल्यासारखी. संपल्यावर टाळ्या पडल्या. छान वाजवलंस हो, असं बायका हळदीकुंकवाच्या सुरात म्हणाल्या, आणि एका निवृत्त मास्तरांनी तालाविषयी दोन सूचनाही केल्या. एकही सूर कुणाच्या कानी पडलेला नव्हता. त्या दिवशी माझी खात्री पटली की इथून सुटलं पाहिजे, आणि सुटण्याचं दार मुंबईच्या त्या शाळेतच आहे.

मेमध्ये बाबा आले. निघायच्या आदल्या संध्याकाळी बुवांनी येऊन सूर लावले, खुंट्यांना नमस्कार केला. बाबांनी बेस गिटार गोधडीत गुंडाळली आणि वाटेत खुंट्यांना धक्का लागू नये म्हणून तिच्या डोक्यावर आपली बोटीवरची लोकरी माकडटोपी चढवली. एसटीत ती आम्हा दोघांच्या मांड्यांवर आडवी होती, एखादं आजारी मूल न्यावं तशी. कशेडीच्या वळणांवर शेजारच्या बाईनं विचारलंच की काय आहे हे, आणि बाबांनी जरा विचार करून सांगितलं की तंबोरा आहे.

शाळेच्या दिवाणखान्याबाहेरच्या व्हरांड्यात गार लाद्या होत्या आणि पॉलिशचा वास होता. माझ्याआधीचा उमेदवार, वसईकडचा एक लांब केसांचा तरुण, बाकावर बसून आपली बेस गिटार लावत होता. स्वतःच. हनुवटी वाद्याच्या कडेवर टेकवून, खुंटी जरा पुढं, जरा मागं. मग त्यानं चारी तारा मोकळ्या वाजवल्या आणि त्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक उतरत गेल्या, एकीसारखी दुसरी नाही. मी माकडटोपी काढली, कान लाकडाला लावला आणि माझ्या तारा ऐकल्या. घाटाच्या हिसक्यांनी त्या जुळ्या बहिणींचंही बिनसलं होतं. एक किंचित उतरलेली, आणि दोघींच्या मध्ये काहीतरी थरथरत होतं. त्या तरुणाला विचारता आलं असतं. त्यानं हसतमुखानं लावूनही दिलं असतं. पण त्याचे केस, त्याचं ते सहज हसणं, त्याच्या पायातले बूट, सगळ्याचाच मला राग आला. आणि खुंटीकडे माझा हात गेला नाही. मी बघत राहिले तरी गेला नाही.

आत तिघं होते. एक गोरटेले परीक्षक, सोनेरी काडीचा चष्मा. पियानोपाशी एक बाई. आणि खिडकीशी पेंगणारे तिसरे. चष्मेवाल्यांनी तिथलीच एक वायर माझ्या वाद्यात खुपसून अँप्लिफायरच्या काळ्या पेटीला जोडली आणि वाजव म्हणाले. मी जाड तार छेडली.

खिडक्यांच्या काचा बोलल्या. लाद्यांखालून काहीतरी उठलं आणि माझ्या पोटऱ्यांतून वर चढलं. जो नाद मी इतके दिवस जबड्याच्या हाडात लपवून ठेवला होता, तो साऱ्या खोलीचा झाला, त्या पेंगणाऱ्या गृहस्थांचासुद्धा, आणि मला विलक्षण आनंद झाला. माझे डोळे भरून आले हे मी कबूल करते. तो विरेपर्यंत मी पुढचा सूर वाजवलाच नाही.

मग बारीक तारांवर आले आणि ती बिनसलेली थरथर त्या पेटीतून पाचपट होऊन बाहेर आली. चष्मेवाल्यांनी हात वर केला. या दोन तारा एकच कशा, त्यांनी विचारलं. आणि ही दुसरी ही अशी का. हे लावलं कुणी.

"आमचे बुवा लावतात," मी म्हणाले. "मी खुंटीला हात लावत नाही."

पियानोपाशी बसलेल्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. खिडकीतले गृहस्थ जागे झाले. चष्मेवाले हसले नाहीत; त्यांनी नुसता उसासा टाकला, आणि हसण्यापेक्षा तो जास्त लागला. उठले, माझ्या हातातून वाद्य घेतलं, न बघता, न विचारता, मनगटाच्या झटक्यांनी सगळ्या खुंट्या पिळल्या, तारा पायऱ्यांवर उभ्या केल्या आणि वाद्य माझ्याकडे परत दिलं.

"आता वाजव."

आता काय वाजवणार. माझे हात जिथं जिथं सवयीनं पडले तिथं तिथं परके सूर उभे होते. घर तेच, पण रातोरात भिंती हलवलेल्या. मी पहिलीच ओळ पुन्हा सुरू केली, पुन्हा अडले. ते सगळे मोठ्या सौजन्यानं दुसरीकडे बघत राहिले. शेवटी मला सांगण्यात आलं की कान आहे, पण वाद्याशी अजून ओळख नाही. एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे शिकून पुढं कधीतरी यावं. चांगला शिक्षक रत्नागिरीत कुठल्या झाडाला लागतो, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाबा खाली जिन्याशी गोधडी घेऊन उभे होते. माझं तोंड बघून त्यांना निकाल कळला असणार. तो त्यांनी विचारला नाही. गोधडी गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "एकदा आला तो आवाज, अगदी पयला. खाली इथवर आला गो. बोट सुटते ना, तेव्हा इंजिनात अस्संच पायाखाली लागतं."

माझं वाद्य त्यांनी आयुष्यात ऐकलं ते तेवढंच. एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि त्या शाळेचा, त्या बाईंच्या रुमालाचा, त्या उसाशाचा मनसोक्त द्वेष केला. महाडपर्यंत तो पुरला. पुढं बुवांची पाळी आली. आई या आठवड्यात डी.एड.चं बोलायला लागेल, हे मला प्रत्येक वळणावर दिसत होतं, आणि बाबा दिलेल्या शब्दाला जागतील हेही.

गुरुवारी बुवा आले. काय झालं ते मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं. नाही जमलं, एवढंच घरात माहीत होतं, आणि आई त्या दिवसापासून माझ्याशी फार गोड वागत होती. बुवांनी पाटावर बैठक मारली, वाद्य मांडीवर घेतलं, तारांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा आंबला.

"कुणी बिघडवलान् गो हा," ते म्हणाले.

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. पेटीवर काळी एक दाबली, आणि न बघता, न विचारता, मनगटाच्या झटक्यांनी खुंट्या पिळायला लागले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोटं पिवळी होती, तिकडची गोरी होती. नखांत तपकीर होती, तिकडे काहीच नव्हतं. पण झटका तोच. समोर बसलेल्या मुलीला नेमकं काय ऐकू येतं, हे विचारावंसं न वाटणारा तोच तोरा. त्या दिवाणखान्यातल्या माणसाचं बरोबर होतं आणि आमच्या ओटीवरच्या माणसाचं चूक, तरी त्या दोघांत मला त्या क्षणी तीळमात्र फरक दिसेना. दोघांचीही मला सारखीच किळस आली. आणि इतके महिने मी ज्याला शिकणं म्हणत होते, ते दुसऱ्यानं लावून दिलेल्या सुरात मुकाट बसणं होतं, हे मला तेव्हा समजलं. बुवांनी सूर लावले, चहा घेतला, मुंबईचं पाणी वाद्याला बाधतं असं सांगितलं आणि गेले.

पुढं मी कुठं गेले, कुणाबरोबर वाजवलं, हे सगळं नंतरचं आहे आणि या संध्याकाळशी त्याचा संबंध नाही. ऊन ओटीवरून उतरलं होतं. खाडीकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता, आत आईनं दिवा लावला होता आणि ती कुणाशी तरी माझ्या पुढच्या शिक्षणाविषयी बोलत होती. मी वाद्य घेऊन कपाटाशी बसले. दाराला कान लावला. आणि पहिल्या खुंटीला हात घातला.

लोखंड गार होतं आणि तपकिरीनं चिकट. मी उलटं फिरवत गेले, तार ढिली पडेपर्यंत; मग दुसरी, मग उरलेल्या. बुवांचा तंबोरा उतरला, त्यांच्या आधीच्या, चष्मेवाल्यांच्या त्या पायऱ्याही कुठं उरल्या नव्हत्या. चारी तारा लाकडावर लोळत पडल्या, आणि कपाटात फक्त आमसुलांचा वास आणि माझाच श्वास राहिला. जाड तारेची खुंटी मी सुलट फिरवायला घेतली. बराच वेळ नुसती खरखर. मग बरण्यांच्या मागं, लुगड्यांच्या खाली, काहीतरी हललं. मी आणखी जरा पिळलं. कुठं थांबायचं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आतून आईची हाक आली, आणि मी ऐकलं न ऐकलं करून खुंटी आणखी थोडी फिरवली.